'आले' म्हणजे किती वेळ?

"सिस्टर, हे तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हीच बघा."

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि बाजूला सरकले. मी फिल्मकडे पाहिलंच नाही. म्हटलं, "डॉक्टर, आज मी पेशंट आहे. हिला काही कळत नाही असं समजून सांगा."

ते हसले. मग पेनाच्या टोकानं दाखवत म्हणाले, "एल फोर-एल फाइव्ह डिस्क प्रोलॅप्स. कमरेची शेवटून दुसरी गादी सरकून मागे आलीये आणि डाव्या पायाच्या नसेवर बसलीये."

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. मणक्याच्या दोन हाडांमध्ये एक मऊ गादी असते, तिला डिस्क म्हणतात. आत गर असतो, बाहेर चिवट साल. पुरणपोळी लाटताना एका बाजूला लाटणं जास्त दाबलं गेलं की कडेनं पुरण बाहेर येतं ना, तसं माझ्या कमरेत झालं होतं. ते बाहेर आलेलं पुरण नसेवर दाबतं. मग कंबर राहते बाजूला आणि पाय बोंबलतो. कुल्ल्यापासून पावलापर्यंत वीज खेळते. त्याला सायटिका म्हणतात.

मी छाया. नगरच्या एका खासगी हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. नोकरीला लागले तेव्हा वेणी कमरेपर्यंत होती, आता बॉबकट आहे, यावरून काय तो हिशोब करा. मी तोंडानं फटकळ आहे असं वॉर्डात म्हणतात. खोटं नाही. पण त्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा माझं तोंड पार बंद झालं होतं. पाठ गेली की नर्सचं काय उरतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

झालं कसं, ते साधं आहे. पाथर्डीकडचे एक आजोबा, खुब्याचं ऑपरेशन झालेले, देहानं भारदस्त. त्यांना एक्स-रेसाठी बेडवरून ट्रॉलीवर घ्यायचं होतं. या कामाला चार माणसं लागतात. होतो आम्ही दोघं, कारण माझ्या जोडीची सिस्टर वरच्या मजल्यावर माणूस कमी म्हणून ओढून नेली होती. दुसरे होते रामदास मामा. आमच्याकडे वॉर्डबॉयला मामा आणि आयाला मावशी म्हणतात, मग ते वयानं आपल्याहून लहान का असेनात. रामदास मामा मात्र खरोखर मामाच्या वयाचे, दुसऱ्या हॉस्पिटलातून आमच्याकडे नुकतेच आलेले. मी डोक्याकडे चादर धरली, त्यांनी पायाकडे. मी म्हटलं, "एक, दोन, तीन." आणि उचललं.

पलीकडून काहीच उचललं गेलं नाही. क्षणभरच. मग मामांनी उचललं. पण तेवढ्यात आख्खे आजोबा माझ्या एकटीच्या कमरेवर येऊन गेले होते आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं होतं. आजोबा सुखरूप ट्रॉलीवर पोचले. वर मलाच म्हणाले, "बाई, तुमचं तोंड का असं झालं?"

मी घरी गेले का? छे. मैत्रिणीनं ट्रीटमेंट रूममध्ये पडदा ओढून दुखण्याचं इंजेक्शन टोचलं आणि उरलेली ड्यूटी मी भिंती धरून केली. वाचणाऱ्या नर्सेसना हात जोडून सांगते, असलं शहाणपण करू नका. दुखलं त्याच दिवशी दाखवा, आणि ड्यूटीवर दुखलं हे त्याच दिवशी इन्चार्जच्या कानावर घाला. आपण दुसऱ्याच्या साध्या तापाला धावतो आणि स्वतःच्या कमरेला 'होईल बरं' म्हणतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिजिओथेरपी सांगितली, आणि म्हणाले, "बहुतेकांची गादी ऑपरेशनशिवाय शांत होते. घाबरू नका. पण पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर वाट न बघता तडक यायचं." हे शेवटचं वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. कंबरदुखीत तेवढं एक विसरून चालत नाही.

मग सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझं पडून राहणं सुरू झालं. पारनेरहून सासूबाई आल्या, बाजरीचं पीठ आणि एक सल्ला घेऊन. "आमच्याकडं एक जन हाय. पाठीवर पाय देतो आन्‌ शिरा मोकळ्या करतो. लई लोकं येत्यात त्याच्याकडं."

"आणि त्याच्या पायाखाली माझी नस आली म्हणजे?"

"मग न्हाई जायचं," असं म्हणून त्या फुगल्या आणि दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र वेळेवर येत होता. संध्याकाळी भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "छाया, मी काय म्हनते, आता बास झालं. दुसऱ्याची मानसं उचलून उचलून तू पडलीस. तुला उचलायला कोन आलं?"

मी कूस वळून भिंतीकडे तोंड केलं. फटकळ माणसानं भिंतीकडे तोंड करणं म्हणजे मोठा आजार समजा.

आमच्या ह्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं एकच, "तू ठरव." हे ऐकायला चांगलं वाटतं, पण अशा वेळी डोक्यात जातं. त्यातच माझ्या एका बॅचमेटचा फोन आला. ती वॉर्ड सोडून विमा कंपनीच्या कामाला लागली आहे. हॉस्पिटलांचे कागद तपासायचे, उपचार खरोखर झाले का ते बघायचं. एक जागा रिकामी होती. "खुर्ची, एसी, रविवार आपला, दिवाळी घरी. डोकं नर्सचंच लागतं, पाठ लागत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, ऑपरेशन लागतंय का ते कळू दे, मग सांगते. पण मनात मी त्या खुर्चीवर बसूनसुद्धा आले होते.

खोटं कशाला बोलू, कमरेच्या आधीपासून माझ्या मनात सोडायचं येत होतं. नर्सेस सोडतात ते रक्ताला किंवा वासाला कंटाळून, असं लोकांना वाटतं. त्याची सवय पहिल्या वर्षीच होते. सोडावंसं वाटतं ते दोघींचं काम एकीनं करून वर "सिस्टर लक्ष देत नाहीत" हे ऐकताना. डॉक्टरांचा राग नातेवाईक आमच्यावर काढतात तेव्हा. पोराला ताप असताना दुसऱ्याच्या पोराचा ताप मोजताना. आणि कसं करायला हवं ते पक्कं ठाऊक असून तसं करता येत नाही, तेव्हा तर फारच. ते आतून पोखरतं.

एक दिवस रामदास मामा मोसंबी घेऊन घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले.

"सिस्टर, मी तीन व्हायची वाट बघत हुतो."

"म्हणजे?"

"तुमी तीन म्हनला आन्‌ उचललं. आमच्या पयल्या हॉस्पिटलात तीन म्हनून झालं, की मंग उचलायचं. मला वाटलं तसंच."

मला कॉलेजात 'तीन'वर उचलायला शिकवलं होतं. त्यांना तीननंतर. आम्ही दोघंही बरोबर होतो आणि आजोबा मध्ये होते. उचलण्याआधी हे एकमेकांना विचारायला एक मिनिट मिळालं नव्हतं. मला हसू आलं, पण हसलं की पाय ठणकायचा, म्हणून मी नुसती "आई गं" म्हणाले. मामांना वाटलं मी रडतेय. त्यांचे डोळे भरून आले. शेवटी मीच त्यांना समजावत बसले आणि सासूबाईंनी मामांनीच आणलेल्या मोसंब्यांचा रस त्यांना पाजला.

दुखणं जरा कमी झालं तशी मी जिन्यानं खाली उतरायला लागले. भाजीवाल्याकडे निघाले होते, तर मागून सासूबाईंची हाक, "आगं, चप्पल मागं राहिली तुजी." वळून पाहिलं तर डावी चप्पल वरच्या पायरीवर. पायातून कधी निघाली ते मला कळलंच नव्हतं. भाजी राहिली, तडक डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, "अंगठा वर करा." डोकं सांगत होतं, अंगठा ऐकत नव्हता. उजवा सलाम ठोकल्यासारखा वर, डावा आपला ढिम्म. "एल फाइव्हची नस दमलीये," ते म्हणाले. "आता थांबण्यात अर्थ नाही. मायक्रोडिसेक्टमी करू." म्हणजे पाठीवर लहानशी चीर देऊन, सूक्ष्मदर्शकातून बघत, नसेवर बसलेला गादीचा तेवढाच तुकडा काढून टाकायचा. "अंगठ्याची ताकद येईल?" मी विचारलं. "बहुतेक येईल. किती आणि कधी, ते नस ठरवेल," ते म्हणाले. हे उत्तर मी पेशंटच्या बाजूला उभी राहून अनेकदा ऐकलं होतं. बाकड्यावर बसून ऐकताना ते फार तोकडं वाटलं.

आमच्याकडे अशी सोय नाही, म्हणून ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात ठरलं. भरती होण्याआधीच्या तपासण्यांसाठी मी, हे आणि सासूबाई तिथल्या वेटिंगमध्ये बसलो होतो. सासूबाईंनी शेजारच्या बाईला सांगितलं, "आमची सून नर्स हाय." झालं. जो तो आपला रिपोर्ट माझ्या पुढ्यात धरायला लागला. मी एका कुल्ल्यावर तिरकी बसून कुणाची शुगर, कुणाचं हिमोग्लोबिन बघतेय. एका काकांनी तर बीपीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद केल्या होत्या. त्यांना मी असं झापलं की त्यांची बायको खूश झाली. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "आज बऱ्याच दिवसांनी तुझा आवाज चढलेला ऐकला." मला ते नंतर बराच वेळ आठवत राहिलं.

ऑपरेशन नीट झालं. पायातली वीज शुद्धीवर येतानाच गेलेली होती. राहिली फक्त टाक्यांची ओढ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तहान लागली. सासूबाई आंघोळीला गेलेल्या, तांब्या हाताच्या पलीकडे. मी बेल दाबली. बाहेरून आवाज आला, "आले." आणि कुणीच आलं नाही.

हा शब्द भारी सोयीचा आहे. माणूस जागचा हललेलाही नसतो आणि 'आले' म्हणून मोकळा होतो. मी तो आयुष्यभर वापरला. एका हातात सलाईन, कानाला फोन, खांद्यावरून मागे 'आले'. पण तो पडल्या पडल्या ऐकला आणि त्याची लांबी मला पहिल्यांदा कळली. छताचा पंखा किती हळू फिरतो तेही कळलं. राग येत होता आणि त्याच वेळी पलीकडच्या खोलीत ती काय काय करत असेल ते डोळ्यापुढे दिसत होतं. धड रागावताही येईना.

ती आली तेव्हा तिचा श्वास चढलेला होता. रूथ तिचं नाव, श्रीरामपूरची, माझ्या भाचीएवढी पोरगी. पाणी दिलं. मग मला कुशीवर वळवायचं होतं. पाठीच्या ऑपरेशननंतर माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध वळवतात, त्याला लॉग रोल म्हणतात. रूथ एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. रूथ म्हणाली, "एक, दोन..."

"थांबा," मी ओरडलेच. "तीनवर की तीननंतर?"

"तीनवर," रूथ म्हणाली.

"तीन झाल्यावर ना?" मावशी म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला हसू आवरेना, टाके ओढायला लागले, "हसवू नका गं" म्हणून मी कळवळतेय आणि त्याही हसतायत. शेवटी रूथच म्हणाली, "तीन म्हणायचंच नाही. एक, दोन, वळवा." आणि मी अशी अलगद वळले की काय सांगू.

ड्यूटी संपल्यावर ती माझ्याकडे आली. मी नर्स आहे हे तिला एव्हाना सासूबाईंकडून कळलेलं होतं, ते सांगायला नकोच. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी सोडतेय. ताईचं श्रीरामपूरला पार्लर आहे, तिकडे जाणार."

"पाठ?"

"नाही, पाठ चांगली आहे." मग म्हणाली, "तुमच्या आधी या बेडवर एक आजी होत्या. 'जरा बस ना माझ्यापाशी' म्हणायच्या. मी म्हणायचे, आले. दर वेळी आले, आले. त्यांना घरी सोडलं त्या दिवशी माझा हात धरून म्हणाल्या, 'तू आलीच न्हाईस, बाय.' रागावल्या नव्हत्या हो. हसूनच म्हणाल्या."

ती रडली. मी आडवी, उठून जवळ घेता येईना. हात लांब केला तर तिच्या गुडघ्यापर्यंत पोचला, तिथेच थोपटलं. मला उपदेश करता येत नाही आणि करायचाही नव्हता. मी एवढंच विचारलं, "तुला नर्सिंग सोडायचंय की 'आले' म्हणणं सोडायचंय?"

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "दुसरं. पण ते सोडायचं तर पहिलं सोडावंच लागतं ना?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. ती गेली आणि तो प्रश्न माझ्याकडेच राहिला. मलाही वॉर्ड सोडायचा होता, की एकटीनं उचलणं?

घरी आले. चालणं वाढवलं, फिजिओचे व्यायाम केले, कंटाळा आला तरी केले. अंगठा रुसलेलाच. मी रोज त्याच्याकडे बघून हुकूम सोडायचे. एका दुपारी सासूबाई पायाला तेल लावत होत्या आणि त्यांचा हात थांबला. "हालला. छाया, हालला बग." मला वाटलं त्यांनीच हलवला. त्यांनी दोन्ही हात वर केले, चोरानं पोलिसापुढे करावेत तसे. "आता हालीव." मी हलवला. जेमतेम, पण हलला. त्या बाईनं माझ्या पावलावर डोकं टेकवलं. सासूनं सुनेच्या पायावर. मी पाय ओढून घ्यायला गेले तर ओरडल्या, "झटका देऊ नको, टाके हायेत."

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "कामावर जाऊ शकता. पण वाकून वजन उचलणं आता कायमचं बंद."

मी मेट्रन मॅडमना भेटायला गेले ते राजीनामा तोंडी सांगायचा, असं अर्धंमुर्धं ठरवून. त्या म्हणाल्या, "छाया, ओपीडीत बसशील?" आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, "मॅडम, वॉर्डातच येते. पण पेशंट कुणीही एकट्यादुकट्यानं उचलायचा नाही. माणसं पुरी नसतील तर एक्स-रे थांबेल. आणि ती सरकपट्टी कपाटातून बाहेर काढा." पेशंटला न उचलता बेडवरून ट्रॉलीवर सरकवायची प्लॅस्टिकची गुळगुळीत फळी आमच्याकडे होती. खराब होईल म्हणून ती वेष्टणासकट कुलपात ठेवलेली.

मॅडम माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. "एक्स-रे थांबला तर डॉक्टर मला बोलतील," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही त्यांना माझं नाव सांगा. माझं तोंड बरं झालंय आता."

त्या हसल्या आणि कुलपाची किल्ली काढली. सगळं काही सुधारलं असं मी म्हणणार नाही. माणसं अजून कमीच आहेत. पण आमच्या वॉर्डात आता 'तीन' हा आकडा बाद आहे. "एक, दोन, उचला." नवीन येणाऱ्या प्रत्येकाला रामदास मामा हे पहिल्या दिवशी शिकवतात, इतक्या कळकळीनं की पोरं घाबरतात.

रूथचा निरोप आला. ती पार्लरला गेली नाही. डायलिसिसला बदली मागून घेतली. तिथे किडनीचे पेशंट मशिनला लावले की काही तास हलत नाहीत, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तेच ते परत येतात. तिनं लिहिलं होतं, "मॅडम, इथे 'आले' म्हणावं लागत नाही. मी तिथेच असते."

बॅचमेटला फोन करून सांगितलं, खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे. जी बसेल तिला मी मुळीच नावं ठेवत नाही. प्रत्येकीची पाठ वेगळी.

तुम्ही कधी हॉस्पिटलात पडलात आणि सिस्टर 'आले' म्हणून आली नाही, तर ती तुम्हाला विसरलेली नसते, एवढं माझ्यावर विश्वास ठेवून धरून चाला. आणि तुम्ही नर्स असाल तर, जमणार नसेल तेव्हा सरळ सांगून बघा. मी हल्ली सांगते, "आत्ता नाही जमणार, सात नंबरचं ड्रेसिंग झालं की येते." लोक ऐकतात. मलाच आश्चर्य वाटलं.

पण परत गेले त्या पहिल्या दिवशी हे काही सुचलं नव्हतं. हातात औषधांचा ट्रे, टेबलावर फोन वाजतोय, डिस्चार्जवाले दारात खोळंबलेले. कोपऱ्यातल्या बेडवरून एक आजी म्हणाल्या, "ओ बाई, जरा इकडं या की."

"आले," मी म्हटलं. सवयीनं, मागे न बघता.

आणि माझाच शब्द माझ्या कानात शिरला. छताचा पंखा आठवला. मी ट्रे टेबलावर ठेवला, फोन वाजू दिला आणि त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. त्यांना काही नको होतं, उशी जरा सरकवायची होती. मी सरकवली, चादर नीट केली, स्टूल ओढून घडीभर बसले.

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "लगीच आलीस की गं."

"म्हटलं होतं ना," मी म्हणाले, "आले म्हणून."